नागपुरात एलॉय साकारताना: आधी फोटो ठरवा, मग पोशाख

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘होरायझन झीरो डॉन’ या व्हिडिओ गेममधील एलॉय ही तांबड्या केसांची शिकारी नायिका साकारून जानेवारीच्या अखेरीस नागपूर परिसरात फोटोशूट करायचे आहे, हाताशी दहा हजार रुपये आणि सुमारे अडीच महिने आहेत, फोटो काढणारा मावसभाऊ एरवी लग्नांचे फोटो काढतो, आणि पोशाख ऑनलाइन तयार मागवावा की स्वतः बनवावा, साहित्य शहरात कुठे मिळेल आणि शूट कुठे करावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी बऱ्याच वर्षांपासून नागपुरात कॉस्प्लेचे, म्हणजे खेळ-चित्रपटांतील पात्रे साकारण्याचे, पोशाख आणि खोटी शस्त्रे बनवते, त्यामुळे तिन्ही प्रश्नांची उत्तरे देते. परंतु ती तिन्ही उत्तरे ज्यावर अवलंबून आहेत तो प्रश्न आपण विचारलेला नाही, तो म्हणजे आपल्याला नेमके कोणते फोटो हवे आहेत.

मेळाव्यात दिवसभर घालून फिरण्याचा पोशाख आणि फोटोशूटचा पोशाख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेळाव्यात लोक आपल्याला चारही बाजूंनी पाहतात, आपण जिने चढतो, जेवतो, गर्दीत धक्के खातो, म्हणून तिथला पोशाख सगळीकडून पूर्ण आणि मजबूत असावा लागतो. फोटोत मात्र कॅमेरा जेवढे पाहील तेवढेच उरते. दहा हजारांत संपूर्ण एलॉय उत्तम होणे कठीण आहे. त्याच पैशांत पाच-सहा उत्तम फोटोंपुरती एलॉय मात्र निश्चित होऊ शकते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी कागदावर पाच चौकटी आखा आणि प्रत्येकीत काय दिसेल ते लिहा. उदाहरणार्थ, छातीपासून वरचा जवळचा फोटो, उजव्या कानावरील फोकस या यंत्राला दोन बोटे लावून दूर पाहणारी मुद्रा, वाळलेल्या गवतात दबा धरून बसलेली आकृती, धनुष्य ताणलेली बाजूची चौकट, आणि मोठ्या आकाशाखाली लहानशी दिसणारी पाठमोरी आकृती. या पाचांपैकी तीन चौकटींत बूट दिसतच नाहीत, आणि चारांत पाठीचे काम दिसत नाही. पाठमोरी आकृती दूर असल्यामुळे तिच्यात शिवणीचे बारकावे कोणी पाहणार नाही. बूट घरातले जुने तपकिरी घेऊन त्यांवर रेक्झिनच्या पट्ट्या गुंडाळल्या तरी भागते. वाचलेला पैसा केसांवर खर्च करा.

संदर्भासाठी चाहत्यांनी काढलेल्या चित्रांच्या मागे लागू नका, कारण प्रत्येक चित्रकार पोशाख थोडा बदलतो. हा खेळ २०१७ साली आला आणि त्यात फोटो मोड आहे. खेळ थांबवून कॅमेरा एलॉयभोवती फिरवता येतो, जवळ नेता येतो आणि दिवसाची वेळही बदलता येते. नोरा जमातीचा सुरुवातीचा पोशाख घालून समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागून चित्रे साठवून घ्या. खेळ बनवणाऱ्या ॲमस्टरडॅमच्या गुरिला या स्टुडिओने कॉस्प्ले करणाऱ्यांसाठी एलॉयची संदर्भ-पुस्तिकाही प्रसिद्ध केली आहे, तीही पाहावी. फोटो मोडचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. तुम्हाला आवडलेली चित्रे कोणत्या प्रकाशात आहेत ते तपासा. बहुतेक चित्रांत सूर्य खाली आणि एलॉयच्या मागे असल्याचे आढळेल, कारण तिचे तांबडे केस मागून येणाऱ्या प्रकाशात पेटल्यासारखे दिसतात. हे लक्षात आले की शूटची वेळ आपोआप ठरते.

आता तयार पोशाखाविषयी. माझे स्पष्ट मत आहे की मागवू नये. कमी किमतीच्या तयार पोशाखात चामडे, दोऱ्यांची वीण आणि फर यांपैकी बरेचसे पातळ पॉलिस्टरवर छापलेले असते. मोबाइलच्या पडद्यावर ते ठीक दिसते, पण तिरप्या उन्हात छापील दोरीला सावली पडत नाही आणि सगळा पोशाख सपाट होतो. एलॉयच्या पोशाखाचे सारे सौंदर्य वेगवेगळ्या पोतांच्या शेजारात आहे. शिवाय परदेशातून येणाऱ्या मालाला लागणारा वेळ आणि सीमाशुल्क धरले तर अडीच महिन्यांतले किती हातात राहतील हे सांगता येत नाही, आणि माप चुकले तर परतीला वेळच उरत नाही.

कापडासाठी गांधीबाग आणि इतवारी पुरेशी आहे. आतला सदरा मांजरपाटाचा शिवून घ्या आणि चहाच्या कडक पाण्यात उकळून काढा. सुती कापड असल्यामुळे रंग असमान बसतो आणि नेमके तेच हवे असते. फरसाठी खेळण्यांकरिता विकले जाणारे लांब केसांचे कापड मागा. ते कात्रीने सरळ कापू नका, कारण केसही कापले जातात आणि कड विंचरलेल्या दाढीसारखी एका रेषेत दिसते. कापड उलटे करून फक्त पाठीचे विणकाम ब्लेडने चिरा आणि मग दोन्ही भाग हाताने ओढून वेगळे करा. चामड्याच्या जागी रेक्झिन चालेल, पण ते कपड्यांच्या दुकानात शोधण्यापेक्षा स्कूटर आणि मोटारीच्या सीटची कव्हरे शिवणाऱ्या कारागिरांकडे जा. त्यांच्याकडे तपकिरी रंगाच्या अनेक छटा असतात, तुकडे स्वस्तात मिळतात आणि तीन-चार थर एकत्र शिवणारे मशीनही त्यांच्याचकडे असते. घरगुती मशीनची सुई तिथे मोडते. नवे रेक्झिन उन्हात चकाकते आणि फोटोत लगेच ओळखू येते. म्हणून शिवण्यापूर्वी बारीक पॉलिश पेपरने त्याची चमक घालवा, मग काळसर तपकिरी ॲक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून लावा आणि ओला असतानाच फडक्याने पुसून घ्या. रंग फक्त घड्यांत आणि शिवणींत उरतो. वापरलेल्या चामड्याचा भास एवढ्यानेच होतो.

खांद्यावर आणि पोशाखात अन्यत्र दिसणारे खेळातील प्राण्यांसारख्या यंत्रांच्या आवरणाचे फिकट तुकडे ईव्हीए फोमचे, म्हणजे हलक्या, लवचिक रबरासारख्या फोमचे, करावेत. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर थोडे सविस्तर सांगते, कारण बिघडते ते इथेच. पाच मिलिमीटर जाडीचा, दाट आणि दाबल्यावर लगेच पूर्ववत होणारा फोम घ्या. फार हलका आणि सच्छिद्र फोम रंग पितो. कटरचे पाते दर काही कापांनंतर बदला, कारण बोथट पात्याने कड फाटते आणि फाटलेली कड कोणत्याही रंगाने लपत नाही. कापल्यावर हीट गन (गरम हवा फेकणारे यंत्र) सतत हलती ठेवून तुकडा तापवा. सुरुवातीला पृष्ठभाग निस्तेज असतो. उष्णता पुरेशी झाली की त्यावर किंचित तुकतुकी येते आणि बारीक छिद्रे मिटल्यासारखी दिसतात. त्याच क्षणी गन बाजूला करून तुकडा जाड पँटवरून गुडघ्यावर किंवा स्टीलच्या डब्यावर दाबून धरा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. थंड झाल्यावर वळण कायम राहते. जास्त तापवले तर फोम आकसतो आणि धूर येतो. तो धूर चांगला नसतो, म्हणून हे काम गच्चीवर किंवा खिडक्या उघड्या ठेवूनच करा, आणि कडा घासताना मास्क लावा.

जोडण्यासाठी चपला दुरुस्त करणारे आणि सुतार वापरतात तो रबरी चिकट पदार्थ, म्हणजे फेविबॉण्ड किंवा फेविकॉल एसआर, घ्या. पांढरा फेविकॉल या कामाचा नाही. दोन्ही बाजूंना पातळ थर लावून दहा मिनिटे थांबा. बोट लावल्यावर ओले वाटले नाही पण किंचित ओढ जाणवली की मगच जोडा. जोडल्यावर सरकवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलने खुणा करा. पांढरा फेविकॉल वापरायचा तो रंगापूर्वी: थोडे पाणी घालून तीन-चार हात दिले की फोम रंग शोषत नाही. मात्र जो भाग हालचालीत वाकतो तिथे हा थर तडकतो, म्हणून तो खांद्याच्या ताठ तुकड्यांपुरताच ठेवा. रंगाची सुरुवात काळ्याने करावी, त्यावर स्पंजने टिपत पांढरट रंग द्यावा, खाचा काळ्याच राहू द्याव्यात आणि कडांना मातकट तपकिरी लावावी. आरशात जरा भडक वाटेल एवढा छायाभेद फोटोत योग्य दिसतो.

छायाभेदाचे हे काम स्वतःला जमेलसे वाटत नसेल तर महालातील चितारओळीत जाऊन विचारा. गणपती आणि दुर्गेच्या मूर्तींवर स्प्रे गनने छटा देणारे हात तिथे आहेत, आणि दिवाळीनंतर त्यांच्याकडे गणपतीच्या हंगामासारखी घाई नसते. खेळातले चित्र मोबाइलवर न दाखवता रंगीत छापून न्या. विषय निघालाच आहे म्हणून सांगते: बांबूच्या कामट्या आणि कागद यांतून दरवर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बडग्यांचे, म्हणजे वाईट प्रवृत्तींच्या प्रतीकांचे, भव्य पुतळे उभे करणाऱ्या या शहरात, त्याच पद्धतीने बांधलेले, खेळातल्या वॉचर या यंत्राचे डोके आणि त्याच्या एकुलत्या डोळ्यात लाल दिवा, असे काही कोणीतरी करावे अशी माझी फार इच्छा आहे. अडीच महिन्यांत आणि या बजेटमध्ये आपण ते करू नये.

केसांकडे वळते, कारण पाचही चौकटींत दिसणारी गोष्ट तीच आहे. दहापैकी तीन हजार रुपये विगसाठी बाजूला काढा. उष्णता सहन करणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, लांब आणि पुढच्या बाजूला जाळी असलेला विग घ्या. जाळी नसेल तर कपाळावरची रेषा टोपीसारखी दिसते. रंग निवडताना भडक नारिंगी टाळून तांब्याकडे झुकणारा गडद लाल निवडावा. आपल्याकडच्या गव्हाळ किंवा सावळ्या वर्णावर तो अधिक शोभतो, आणि उन्हात तो तसाही एक छटा उजळ होतो. एलॉयसारखे दिसण्यासाठी त्वचा उजळ करण्याची काहीही गरज नाही. व्यक्तिरेखा ओळखू येते ती केस, वेण्या, फोकस आणि नजर यांवरून. नव्या विगची प्लास्टिकसारखी चमक कमी करण्यासाठी मऊ ब्रशने थोडी टाल्कम पावडर मुळांपासून टोकांकडे लावा आणि झटकून काढा. वेण्या आदल्या आठवड्यात घालून ठेवा, त्यांत मणी आणि सुतळीचे तुकडे ओवा, आणि काही बटा मुद्दाम सुट्या सोडा. रानात वाढलेल्या शिकारी मुलीचे केस नीटनेटके असणे हेच विचित्र दिसते.

चेहऱ्याच्या बाबतीत एक सावधगिरी आहे. विदर्भात झाडीपट्टीच्या नाटकांमुळे अनुभवी रंगभूषाकार सहज भेटतात आणि त्यांचा हात उत्तम असतो, पण रंगमंचाची रंगभूषा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी केलेली असते. कॅमेरा दोन हातांवर असतो. त्यामुळे थर पातळ ठेवण्याची विनंती आधीच करा आणि रंगभूषा ट्यूबलाइटखाली न करता दिवसाच्या उजेडात तपासा. नाकावरचे आणि गालांवरचे ठिपके दोन वेगळ्या तपकिरी छटांच्या पेन्सिलींनी, लहान-मोठे आणि असमान अंतरावर काढून बोटाने हलके दाबा. एकसारखे ठिपके देवी आल्यासारखे दिसतात. हिरव्या डोळ्यांसाठी लेन्स वापरायच्याच असतील तर त्या नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्याव्यात आणि धुळीच्या जागी शूट असल्यास टाळाव्यात. डोळ्यांचा रंग नंतर संगणकावर बदलणे सोपे आहे.

फोकस हे उजव्या कानाजवळ बसणारे लहान त्रिकोणी यंत्र फोमच्या दोन मिलिमीटर तुकड्यातून होते आणि त्वचेला चालणाऱ्या दुहेरी टेपने चिकटते. त्याचा प्रकाश संपादनात घालावा. धनुष्य बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या चिपेचे करा, त्यावर फोमचे आवरण चढवा आणि दोरीच्या जागी काळे इलॅस्टिक लावा. त्यामुळे धनुष्य पूर्ण ताणलेले दिसते, हाताला थकवा येत नाही आणि चुकून सुटले तरी कोणाला लागत नाही. डाव्या हातात धनुष्य, उजव्या हाताची बोटे हनुवटीच्या कडेला आणि ताणलेल्या हाताचे कोपर खांद्याच्या रेषेत, एवढे आरशासमोर पक्के करून घ्या. तिरंदाजी येणारी माणसे फोटोत सर्वांत आधी तेच पाहतात.

जागेविषयी आता सांगते. फुटाळा आणि अंबाझरी या जागा सुंदर आहेत, पण संध्याकाळी तिथे इतकी वर्दळ असते की प्रत्येक चौकटीत कोणीतरी येते आणि आपले अर्धे लक्ष बघ्यांकडे जाते. गोरेवाडा किंवा पेंच यांचा विचारच करू नका. वन्यप्राण्यांच्या क्षेत्रात वाहनातून उतरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रामटेकच्या गडावर लोक दर्शनाला येतात, तिथे भाला-धनुष्य घेऊन उभे राहणे मला बरे वाटत नाही. शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर, त्याच रामटेकजवळचा खिंडसी तलावाचा काठ मात्र पाणी, खडक आणि मोकळे आकाश एकत्र देतो. पर्यटकांची ये-जा असते त्या बाजूपासून थोडे दूर जागा शोधावी. त्याहूनही मी ओळखीच्या शेतकऱ्याची पडीत जमीन निवडीन. जानेवारीत तिथले गवत कमरेइतके आणि सोनेरी असते, खेळातल्या उंच गवताशी ते इतके जुळते की दबा धरण्याची चौकट तिथेच घ्यावी, आणि कपडे बदलायला घर किंवा गोठाही जवळ असतो.

या गवताची एक अडचण मात्र शहरातल्या मुलींना ठाऊक नसते. वाळलेल्या गवताची कुसळे फरच्या कापडात आणि विगच्या टोकांत शिरली की उलटी ओढून निघत नाहीत. ओढली तर विगचे धागे गुंततात. म्हणून गवतातली चौकट सर्वांत शेवटी घ्या, केसांच्या टोकांना तोवर सैल बांधून ठेवा आणि बसण्यापूर्वी मैत्रिणीला त्या जागेवर काठी फिरवायला सांगा, म्हणजे कुसळे झडतील आणि काही वळवळणारे असेल तर तेही दूर जाईल. धनुष्य आणि भाला प्रवासात चादरीत गुंडाळलेले असावेत, जमिनीच्या मालकाची परवानगी आधी घेतलेली असावी आणि गावच्या पोलीस पाटलांना कल्पना दिलेली असावी. तोंडी का होईना, सांगून ठेवलेले असले की कोणी विचारायला आले तर दोन मिनिटांत विषय मिटतो.

मावसभावाशी शूटच्या आधी एकदा सविस्तर बोला. लग्नाचे फोटो काढणारा माणूस गर्दीत, घाईत आणि वाईट प्रकाशात काम करायला शिकलेला असतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. परंतु लग्नाच्या फोटोंच्या काही सवयी इथे मोडाव्या लागतील. पहिली म्हणजे त्वचा गुळगुळीत आणि उजळ करण्याची. त्यात आपले ठिपके, अंगावरची धूळ आणि वर्ण सगळेच पुसले जाते. दुसरी म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहून हसायला लावण्याची. एलॉय क्षितिजाकडे, जमिनीवरच्या पावलांकडे किंवा फोकसमधून दिसणाऱ्या एखाद्या गोष्टीकडे पाहते. नजर कुठे आहे हे प्रत्येक चौकटीसाठी आधी ठरवा. त्याला सांगा की फाइली रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, घे, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची मांडणी) ऑटोवर न ठेवता दिवसाच्या उजेडावर, म्हणजे साधारण ५५०० केल्विनवर, पक्का ठेव. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा संध्याकाळचे सोने ‘दुरुस्त’ करून टाकतो. जवळच्या चौकटींसाठी ८५ मिलिमीटरची लेन्स आणि तिचे छिद्र (अपर्चर) मोठे उघडे, मोठ्या आकाशाच्या चौकटीसाठी ३५ किंवा त्याहून रुंद. सूर्य पाठीमागे असल्यामुळे चेहरा काळवंडतो, म्हणून समोरून पांढरा रिफ्लेक्टर धरायला एक माणूस हवाच. हे काम कॅमेरा हातात असताना फोटोग्राफरला करता येत नाही. फोकस यंत्रातून हवेत उमटणारे निळसर प्रकाशचित्र नंतर घालायचे असेल तर त्या चौकटीत कानाच्या पुढे मोकळी जागा सोडायला लावा.

जानेवारीच्या अखेरीस नागपुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे आपल्याला उपयोगी असा तिरपा प्रकाश पाच ते सहा एवढाच आहे. दुपारी तीनला जागेवर पोहोचा, चारपर्यंत पोशाख आणि रंगभूषा पूर्ण करा, पहिला अर्धा तास सावलीतल्या जवळच्या चौकटींना द्या आणि सोनेरी तास मोठ्या चौकटींसाठी राखून ठेवा. पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, फेविक्विक, दुहेरी टेप, रुंद दातांचा कंगवा आणि पाणी असावे. शूटच्या दोन आठवडे आधी घराच्या गच्चीवर संपूर्ण पोशाख घालून पाहा, उकिडव्या बसा, हात डोक्यावर न्या, आणि तीन मीटरवरून मोबाइलने फोटो काढा. काय उसवते आणि कोणता रंग विझतो ते तिथेच कळेल. दुरुस्तीसाठी दोन आठवडे पुरतात.

काही कारणाने तारीख पुढे गेलीच तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापलीकडे जाऊ देऊ नका. मार्चमध्ये ऊन कडक होते, फर आणि रेक्झिनच्या थरांखाली रंगभूषा टिकत नाही, आणि पळस फुललेला असतो. पळसाची पार्श्वभूमी दिसायला मोहक वाटते, पण तिचा रंग आणि आपल्या विगचा रंग जवळजवळ एकच असल्यामुळे फोटोत केस मागच्या फुलांत मिसळून जातात, आणि ज्या गोष्टीवर आपण सर्वाधिक पैसे खर्च केले तीच दिसेनाशी होते. तसेच शूटनंतर पोशाख गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात तिथे फोमचे सांधे सुटतात. घरातल्या कपाटात, खांद्याचे तुकडे कागदाने भरून, सपाट ठेवावेत.